अर्जच न आलेले पद

संस्थेच्या निवडणुकीत एका पदासाठी दोन अर्ज आले तर मतदान होते, एकच आला तर बिनविरोध निवड जाहीर होते. एकही अर्ज आला नाही तर पुढे काय करायचे, हे मात्र बहुतेक संस्थांच्या घटनेत किंवा उपविधींत स्पष्ट लिहिलेले नसते. मग ते पद जमेल तसे भरले जाते. जुनाच पदाधिकारी पुढे चालू राहतो, सभेला न आलेल्या एखाद्याचे नाव इतिवृत्तात घातले जाते, किंवा समितीतले चौघे आपसांत ठरवून कोणाला तरी बसवतात. तिन्ही मार्गांनी नाव मिळते. त्या नावामागे सभेचा अधिकार मात्र उभा राहत नाही. रिकामे पद तात्पुरते सांभाळणे हे समितीचे काम आहे, ते भरणे हा सभेचा हक्क आहे. शिवाय अर्ज न येणे हे सभासदांनी त्या पदाविषयी न बोलता दिलेले मतच असते. ते मत काय आहे हे समजून घेतल्याशिवाय पद भरले, तर पुढच्या निवडणुकीत ते पुन्हा रिकामे राहते.

पद रिकामे होण्याचे दोन प्रकार आहेत आणि त्यांची गल्लत नेहमी होते. पहिल्या प्रकारात निवडून आलेला माणूस मुदत संपण्याआधी जातो: मृत्यू, राजीनामा, बदली, अपात्रता. याला नैमित्तिक रिक्तता म्हणतात आणि तिची तरतूद जवळपास प्रत्येक घटनेत असते. दुसऱ्या प्रकारात निवडणूक जाहीर होते, मुदत टळते आणि पेटीत अर्जच नसतो. पहिल्या प्रकारात सभेने एकदा आपले मत दिलेले असते, म्हणून उरलेल्या काळापुरती सोय समितीने केली तर फारसे बिघडत नाही. दुसऱ्या प्रकारात सभेचा कौल मुळातच मिळालेला नसतो. पहिल्यासाठी लिहिलेला नियम दुसऱ्याला लावला की स्वीकृतीच्या दाराने पूर्ण पाच वर्षांचे पदाधिकारी आत येतात.

छत्रपती संभाजीनगरात हा प्रश्न सर्वांत जास्त भेटतो तो सहकारी गृहनिर्माण संस्थांत. सिडकोचे सेक्टर, गारखेडा, उस्मानपुरा, बीड बायपास, सातारा-देवळाई या भागांतल्या वसाहतींत राहणाऱ्यांना त्याचा चेहरा ओळखीचा आहे. सभा रविवारी सकाळी पार्किंगमध्ये असते. गणसंख्या म्हणजे सभासदांपैकी दोन तृतीयांश किंवा २० यांपैकी जी कमी असेल ती. ती भरत नाही, म्हणून सभा तहकूब होते आणि अर्ध्या तासाने त्याच जागी, आहेत तेवढ्या सभासदांत पुन्हा सुरू होते. हिशेब वाचले जातात, टँकरच्या बिलावरून थोडी वादावादी होते. मग विषयपत्रिकेवरचा निवडणुकीचा विषय येतो आणि बोलणे थांबते. कोणी मोबाइल पाहतो, कोणाला बाहेरगावी जायचे असते. शेवटी एक ज्येष्ठ सभासद मावळत्या सचिवांकडे वळून म्हणतात, ‘‘काका, तुम्हीच करा आणखी एक टर्म, तुम्हाला सगळं माहीत आहे.’’ टाळ्या पडतात. सूचक आणि अनुमोदक यांची नावे नंतर लिहिली जातात. काकांनी हो म्हटलेले नसते. त्यांनी फक्त नाही म्हटलेले नसते.

याच सभेत अध्यक्षपदाला बहुधा नाव मिळते. अडते ते सचिवपदाला आणि खजिनदारपदाला. पदाच्या वाट्याला मान किती आणि काम किती, हे यामागचे खरे कारण आहे. शहरात पाणी रोज येत नाही. नळाला पाणी कधी येणार याची चौकशी, टाकी भरून घेणे, टँकर बोलावणे, सामाईक मीटरचे महावितरणचे बिल, लिफ्टची देखभाल, थकबाकीदारांना नोटिसा, हे सगळे सचिवाच्या माथी येते. खजिनदाराला रोकडवही आणि बँकेची पासबुके सांभाळून लेखापरीक्षकापुढे बसावे लागते. दोघेही नोकरी-धंदा सांभाळून हे करतात, आणि रात्री दहाला पंप बंद पडला तर शिव्याही त्यांनाच बसतात. हे काम करायला माणसे पुढे येत नाहीत म्हणून सभासदांना उदासीन म्हणणे सोपे आहे, पण ते खरे निदान नव्हे. त्याच वसाहतीत गणेशोत्सवाला हीच माणसे रात्रीचा दिवस करतात. काम दहा दिवसांचे असेल, त्याची सीमा ठाऊक असेल आणि चार जण सोबत असतील, तर हात मिळतात. पाच वर्षांचे, एकट्याचे आणि सीमा नसलेले काम कोणी मागून घेत नाही.

त्यात भर पडते ती जबाबदारीच्या धास्तीची. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार समितीच्या निर्णयांना समितीचे सभासद संयुक्तपणे आणि वैयक्तिकरीत्या जबाबदार असतात. निवडून आल्यावर ‘एम-२०’ नावाचे बंधपत्र लिहून देण्याची पद्धत अनेक वर्षे होती आणि त्या बंधपत्राचे नुसते नाव काढले तरी कित्येक जण मागे सरत. आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, वार्षिक सभा घ्यावी लागते. सबळ कारणाशिवाय ती टाळली तर पदाधिकाऱ्यांवर अपात्रतेची कारवाई होऊ शकते. हे नियम आवश्यकच आहेत. दुसऱ्याच्या पैशाचा कारभार बिनजबाबदारीने होऊ देता येत नाही. पण मोठ्या साखर कारखान्याच्या संचालकासाठी आणि सोळा सदनिकांच्या इमारतीच्या सचिवासाठी एकच कायदा दीर्घकाळ चालला. गृहनिर्माण संस्थांसाठी त्या कायद्यात स्वतंत्र प्रकरण आले ते २०१९ मध्ये. २५० पर्यंत सभासद असलेल्या गृहनिर्माण संस्थांना आपली निवडणूक आपणच घेण्याची मोकळीक मिळाल्यामुळे खर्च आणि कागदपत्रे कमी झाली. उमेदवार मात्र कायदा देऊ शकत नाही.

अर्ज न आल्यावर करायची पहिली गोष्ट साधी आहे आणि तीच सर्वाधिक वेळा टाळली जाते: सभेतच पुन्हा विचारणे. अमेरिकेत हेन्री रॉबर्ट यांनी १८७६ मध्ये सभाशास्त्राची जी नियमावली छापली, ती आजही तिथल्या असंख्य क्लबांत चालते. तिच्या पद्धतीत नामनिर्देशन समितीने नाव दिले नाही तरी सभेत जागेवरून नाव सुचवता येते, आणि यादीत नसलेले नावही मतपत्रिकेवर लिहिता येते. निवडणूक अपुरी राहिली तर ती संपली असे न मानता पुढच्या सभेपर्यंत चालू आहे असे धरतात. आपल्याकडे ‘अर्जाची मुदत संपली’ म्हणून तो विषयच मिटवला जातो. वास्तविक मुदतीचा हेतू स्पर्धकांना सारखी संधी मिळावी हा असतो. स्पर्धकच नसेल तिथे मुदतीला चिकटून राहण्यात अर्थ नाही. दुसरी मुदत द्यावी आणि तिची नोटीस प्रत्येक सभासदाच्या हाती पडेल अशी व्यवस्था करावी. एक अट मात्र सोडू नये. ज्याचे नाव सुचवले त्याची लेखी संमती हवी. गैरहजर माणसाला निवडून देणे हा सभेचा ठराव दिसत असला, तरी ती सभेने स्वतःची केलेली फसवणूक असते.

दुसऱ्यांदा विचारूनही कोणी पुढे आले नाही, तर मधल्या काळात कारभार कोणी पाहायचा हा प्रश्न येतो. पद रिकामे आहे म्हणून टँकर थांबत नाही. बँकेला नव्या सह्यांचा ठराव मिळाला नाही तर धनादेश अडतो आणि रखवालदाराचा पगारही अडतो. म्हणून जगभरच्या संस्थांच्या घटनांत ‘मुदत संपेपर्यंत किंवा उत्तराधिकारी निवडून येईपर्यंत’ असे शब्द आढळतात. हे शब्द उपयोगाचे आहेत आणि घातकही आहेत, कारण त्यांना शेवट नाही. याच वाक्याच्या आधारे माणसे वीस-वीस वर्षे सचिव राहतात; काही नाइलाजाने, तर काही आवडीने. रोटरी क्लबांची प्रमाण घटना इथे बारकाईने पाहण्यासारखी आहे. १९०५ मध्ये शिकागोत सुरू झालेल्या या संघटनेत अध्यक्षाची मुदत एक वर्षाची, १ जुलैपासून असते. उत्तराधिकारी निवडला गेला नसेल तर चालू अध्यक्षाची मुदत वाढते, पण जास्तीत जास्त एक वर्ष. शिवाय अध्यक्षाची निवड पद हाती घेण्याच्या किमान १८ महिने आधी करायची असते. त्यामुळे जागा रिकामी राहणार हे दीड वर्ष आधी कळते आणि निवडलेल्याला काम पाहून शिकायला वेळ मिळतो. गृहनिर्माण संस्थेत पुढचा सचिव कोण, हा विचार मुदत संपल्यावर सुरू होतो. तोवर फार उशीर झालेला असतो.

तिसरा मार्ग समितीने एखाद्याला स्वीकृत करून घेण्याचा. याला किती मर्यादा असावी याचे एक चांगले माप ९७ व्या घटनादुरुस्तीत सापडते. २०११ ची ही दुरुस्ती २०१२ मध्ये अमलात आली. तिने सहकारी संस्थांच्या संचालक मंडळाला पाच वर्षांची मुदत आणि जास्तीत जास्त २१ जागा ठरवून दिल्या, आणि नैमित्तिक जागा मंडळाने स्वतः भरण्याची मुभा मूळ मुदतीच्या निम्म्याहून कमी काळ उरला असेल तेव्हाच दिली. जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा भाग राज्यातल्या सहकारी संस्थांपुरता रद्द ठरवला, कारण सहकार हा राज्यांचा विषय असून राज्यांची संमती घेतलेली नव्हती. मापातल्या शहाणपणाला त्याने बाध येत नाही. निम्म्याहून जास्त काळ उरला असेल तर सभेकडे जावे, कमी असेल तर समितीने भरावे, हे कोणत्याही मंडळाला, वाचनालयाला किंवा क्रीडा संघटनेला वापरता येईल. निवडणुकीतच रिकाम्या राहिलेल्या जागेवर समितीने कोणाला घेतले, तर ती नेमणूक पुढच्या सर्वसाधारण सभेपुरतीच असावी आणि सभेने ती मंजूर केली नाही तर आपोआप संपावी.

आतले सगळे उपाय थकले की बाहेरची सत्ता येते. सहकारी संस्थांसाठी ती अधिनियमाच्या कलम ७७अ मध्ये आहे. निवडणूक होऊनही समितीचे सर्व किंवा काही सभासद निवडून आले नाहीत, किंवा कारभारात पोकळी निर्माण झाली, असे निबंधकाचे समाधान झाले तर त्याला दोन गोष्टी करता येतात. संस्थेच्याच सभासदांतून रिकाम्या जागा भरता येतात, किंवा जास्तीत जास्त तीन सभासदांची समिती अथवा प्राधिकृत अधिकारी नेमता येतो. तो स्वतःहून हे करू शकतो आणि सभासदाच्या अर्जावरूनही. लोकांच्या बोलण्यात मात्र दुसऱ्या गोष्टीतला शेवटचा पर्यायच शिल्लक राहिला आहे: ‘प्रशासक बसवतील.’ ही भीती घालूनच पुष्कळ सभांत नावे मिळवली जातात. पहिला मार्ग फारसा कोणी मागत नाही, आणि छोट्या संस्थेला तोच परवडणारा आहे. प्रशासकाचा खर्च शेवटी सभासदांच्याच वर्गणीतून जातो, आणि पाण्याची टाकी कोणत्या दिवशी भरते हे त्याला माहीत असण्याचे कारण नाही.

साहित्य संस्था, वाचनालये, शिक्षण मंडळे यांचे घर वेगळे आहे. त्यांतल्या बहुतेक १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या असतात. विश्वस्तांत किंवा कार्यकारिणीत बदल झाला की ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो, आणि विश्वस्ताची जागा रिकामी पडून कारभार अडला तर हितसंबंधितांच्या अर्जावरून कलम ४७ खाली धर्मादाय आयुक्तांना नवा विश्वस्त नेमता येतो. इथली अडचण वेगळीच आहे. जागा भरली की नाही यापेक्षा ती भरल्याची नोंद झाली की नाही यावर भांडणे होतात. ज्या संस्थेत निवड नीट नोटिशीने, नीट गणसंख्येत झालेली नसते, तिचा बदल अर्ज वर्षानुवर्षे पडून राहतो आणि कागदावर दिवंगत माणसेच विश्वस्त असतात. घाईने, टाळ्यांच्या गजरात केलेल्या निवडीची किंमत अशी पुढे चुकवावी लागते.

पद रिकामे असताना संस्थेने कसे वागावे, याची उदाहरणे मराठी साहित्यजगतात आहेत आणि त्यांतली काही या शहराशी जोडलेली आहेत. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळाचे कार्यालय दर तीन वर्षांनी घटक संस्थांकडे फिरते. मार्च २००९ मध्ये ते औरंगाबादला, मराठवाडा साहित्य परिषदेकडे होते. महामंडळाचे महाबळेश्वरचे ८२ वे साहित्य संमेलन तोंडावर आले असताना निवडून आलेले अध्यक्ष आनंद यादव यांनी ‘संतसूर्य तुकाराम’ या कादंबरीवरच्या वादामुळे राजीनामा दिला. ऐनवेळी कोणाला तरी बसवण्याऐवजी संमेलन अध्यक्षाविना पार पडले. त्या वादाविषयी मते काहीही असोत, खुर्ची रिकामी ठेवण्याचा तो निर्णय योग्य होता. अध्यक्ष मतदानाने निवडला जात होता. मतदान घ्यायला वेळ नव्हता. मग दुसऱ्या कोणाला तो मान देण्याचा अधिकार कोणाकडेच नव्हता. दहा वर्षांनी, जानेवारी २०१९ मध्ये, यवतमाळच्या संमेलनाआधी नयनतारा सहगल यांचे निमंत्रण मागे घेण्यावरून वादळ उठले आणि महामंडळाचे अध्यक्ष श्रीपाद भालचंद्र जोशी यांनी राजीनामा दिला. तेव्हा उपाध्यक्ष विद्या देवधर यांनी कार्यभार सांभाळला. संमेलनाध्यक्षपद मानाचे, म्हणून ते रिकामे ठेवता आले. महामंडळाचे अध्यक्षपद कामाचे, म्हणून तिथे उपाध्यक्षाची तरतूद उपयोगी पडली. प्रत्येक संस्थेने आपली पदे या दोन रकान्यांत मांडून पाहिली, तर कोणत्या रिकाम्या जागेची काळजी करायची हे लगेच ठरते.

त्याच महामंडळाने २०१८ मध्ये आणखी एक प्रश्न सोडवला. संमेलनाध्यक्षपदासाठी अर्ज येत होते, पण मतांसाठी हिंडणे ज्यांना मान्य नव्हते असे थोर लेखक अर्जच करत नव्हते. पदाला उमेदवार होते, पण पदाला साजेशी कित्येक माणसे त्यांत नव्हती. घटना बदलून निवडणुकीऐवजी संस्थांनी सुचवलेल्या नावांतून एकमताने निवड करण्याची पद्धत आली आणि अरुणा ढेरे त्या पद्धतीने पहिल्या अध्यक्ष झाल्या. पुढे वर्ध्याच्या संमेलनासाठी याच शहरातले न्यायमूर्ती नरेंद्र चपळगावकर यांची निवड झाली. मानाच्या पदासाठी ही पद्धत शोभते. पैसा आणि सह्या ज्याच्या हाती आहेत, अशा पदासाठी ती वापरणे धोक्याचे आहे. तिथे एकमत म्हणजे बहुधा सभेला न विचारता झालेले मत असते.

स्वतःहून अर्ज करण्याची अटच काढून टाकणारी आणखी एक जुनी वाट आहे. तमिळनाडूतल्या उत्तरमेरूर गावच्या देवळातल्या दहाव्या शतकातील चोळकालीन शिलालेखांत ग्रामसभेच्या समित्या निवडण्याची रीत कोरलेली आहे. प्रत्येक वाडीतल्या पात्र माणसांची नावे ताडपत्राच्या तुकड्यांवर लिहून मडक्यात टाकत आणि एका लहान मुलाकडून चिठ्ठी काढून घेत. मागच्या तीन वर्षांत समितीवर राहिलेल्याचे नाव त्यात घालत नसत, आणि ज्याने हिशेब दिला नाही तो तर बादच. आपल्या वसाहतींत मजल्यामजल्याने किंवा सदनिकांच्या क्रमाने सचिवपद फिरवण्याची जी पद्धत काही ठिकाणी आहे, ती या रीतीच्या जवळची आहे. तिचा मोठा गुण असा की पद हे कोणावर लादलेले ओझे किंवा कोणाची मक्तेदारी न राहता प्रत्येकाची पाळी होते. वृद्ध, आजारी किंवा परगावी राहणाऱ्याला पाळी बदलून घेण्याची सवलत हवी आणि थकबाकीदाराला पाळी नको. पण सहकारी संस्थेत पाळी आली म्हणून माणूस आपोआप सचिव होत नाही. पाळी ज्याची त्याचा अर्ज भरला गेला पाहिजे आणि त्याची रीतसर निवड झाली पाहिजे.

पाळीनेही काम भागत नसेल, तर दोष माणसांत शोधण्याऐवजी पदात शोधावा. सचिवाच्या कामाचे तुकडे करता येतात: पाणी आणि वीज एकाकडे, पत्रव्यवहार आणि इतिवृत्त दुसऱ्याकडे, वसुलीच्या नोटिसा तिसऱ्याकडे. लिखापढीसाठी पगारी माणूस ठेवला तर सचिवाकडे निर्णय आणि सही एवढेच उरते. सभेची मंजुरी घेऊन पदाधिकाऱ्याला मानधन देण्यातही कमीपणा नाही. फुकट काम करून घेण्याची सवय लागलेल्या संस्थांनाच तो कमीपणा वाटतो. एखाद्या मंडळात सहसचिव, संघटक, प्रसिद्धीप्रमुख अशी पदे दर निवडणुकीत रिकामी राहत असतील, तर ती रद्द करावीत. आणि ज्या संस्थेत अध्यक्ष, सचिव, खजिनदार या तिन्ही जागा सलग दोन निवडणुकांत कोणी मागत नाही, तिने आपले काम दुसऱ्या जिवंत संस्थेकडे सोपवण्याचा विचार करावा. चार माणसांनी नाव जिवंत ठेवण्यासाठी चालवलेल्या वाचनालयापेक्षा, शेजारच्या चालत्या वाचनालयात गेलेली त्याची पुस्तके वाचकांच्या जास्त उपयोगी पडतात. गृहनिर्माण संस्थेला हा पर्याय नाही; इमारत उभी आहे तोवर कोणाला तरी टाकी भरून घ्यावीच लागते. म्हणून तिथे नियम आधीच लिहून ठेवण्याची गरज जास्त आहे.

या शहराच्या महापालिकेनेच एप्रिल २०२० पासून पाच वर्षांहून अधिक काळ प्रशासकाचा कारभार पाहिला. तिथे उमेदवारांची वाण नव्हती, निवडणूकच होत नव्हती. वसाहतींत निवडणूक वेळेवर होते आणि उमेदवार नसतो. कारणे उलटी आहेत, पण नागरिकाच्या वाट्याला येणारी गोष्ट एकच: ज्याला जाब विचारता येईल असा, आपण निवडलेला माणूस समोर नसतो.

उपविधींत तीन वाक्ये घातली तर बरेच काही निभते. अर्ज न आल्यास दुसरी नोटीस काढून सभेत जागेवरून नावे घेतली जातील; तोवर जुना पदाधिकारी राहील, पण सहा महिन्यांपलीकडे नाही; समितीने केलेली नेमणूक पुढच्या सर्वसाधारण सभेने मंजूर न केल्यास संपेल. सहकारी संस्थेत अशी दुरुस्ती करायला सभेची आगाऊ नोटीस, हजर सभासदांचे दोन तृतीयांश मत आणि निबंधकाकडे नोंदणी लागते, म्हणजे काही महिने जातात. ज्या संस्थांच्या समितीची मुदत पुढच्या वर्षी संपते आहे, त्यांनी हा विषय येत्या सप्टेंबरच्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा.